देव्हाऱ्यातली थोरली



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ग्रंथालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला चौथीत शिकवलं. शाळेत नाव घालायला पोर आलं की ते मुलाचं नाव लिहीत, बापाचं लिहीत, आडनाव लिहीत, आणि मग मान वर करून विचारत, "आईचं?" जनरल रजिस्टरात तेव्हा आईच्या नावाचा रकाना नव्हता. गुरुजी ते समासात बारीक अक्षरात लिहीत. पुढे कधीतरी ते रजिस्टर मी पाहिलं. समासातली ती नावं मुंग्यांच्या रांगेसारखी खाली उतरत गेली आहेत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारनं बंधनकारक केलं, तेव्हा मला गुरुजींचा तो समास आठवला. आज त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभं राहून मी बोलणार आहे तेही एका नावाविषयीच आहे. ते नाव मला अजून सापडलेलं नाही.

विषय छापलाय 'विसरलेल्या पूर्वजांचा शोध'. पण मी सनावळ्या सांगायला आलेलो नाही. तीन गोष्टी बोलायच्या आहेत. माणूस घरातल्या घरात विसरला कसा जातो, ही पहिली. तो विसरलेला माणूस कुणाकडे जपलेला असतो, ही दुसरी. आणि तो सापडल्यावर आपण त्याचं काय करायचं, ही तिसरी.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. आमचं मूळ गाव शिराळ्याकडच्या डोंगरात. माझी पणजी मला आठवते. काळी, उंच, कपाळावर आडवं गोंदण. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चांदीचा लहानसा टाक असायचा, आणि त्या टाकावर एका बाईची आकृती. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून तो टाक चाळवायचो. एकदा विचारलं, "ही कोण?" पणजी म्हणाली, "ही थोरली. हिचं घर हाय हे. मी मागनं आले."

सभागृहातल्या वयस्कर मंडळींच्या लक्षात आलं असेल. तो सवतीचा टाक होता. पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायची रीत होती. सणावाराला गोडधोड झालं की आधी त्या टाकाला दाखवायचं, मग आपण खायचं. माझ्या आजोबांना जन्म देणारी ती थोरली. म्हणजे माझ्या रक्ताची पणजी तीच. आजोबा दोन वर्षांचे असताना ती मानमोडीच्या साथीत गेली. मागनं आलेलीनं त्या पोराला वाढवलं, आणि साठ वर्षं सवतीला गळ्यात वागवलं. ती गेल्यावर टाक देव्हाऱ्यात आला. आज तो माझ्या घरी आहे.

आणि थोरलीचं नाव? कुणालाच माहीत नाही. आजोबांना माहीत नव्हतं. वडलांनी कधी विचारलं नाही. मी मांडीवर बसून टाक चाळवला, "ही कोण" म्हणून विचारलं, पण "हिचं नाव काय" हे विचारलं नाही. विचारलं असतं तर ज्या एका बाईला ते माहीत असण्याची शक्यता होती, तिनं सांगितलं असतं. ती चूक माझी.

आता पहिली गोष्ट. माणूस घरातच विसरला जातो तो कसा?

आपल्याकडे वंशावळ कुठल्याशा ग्रंथात नव्हती, ती रोजच्या वागण्यात होती. भावकीत कुणी गेलं की सुतक कुणाकुणाला, किती दिवस, हे घरातली म्हातारी बोटांवर सांगायची. ते सुतक म्हणजे पाच-सात पिढ्यांची तोंडपाठ वंशावळ होती. लग्न ठरलं की देवक कुणाचं, मूळ कुणी न्यायचं, मामाचा मान कुणाचा, पहिली अक्षत कुठल्या घरी, हीसुद्धा वंशावळच. आहेराची वही उघडून पाहा. 'अमक्याचा आहेर सव्वा रुपया, लुगडं एक' अशा ओळींमधून आजोबांच्या सगळ्या सोयऱ्यांची यादी हाताशी येते. पितृपक्षात म्हाळाला बाप, आजा, पणजा, आई, आजी, पणजी अशी तीन-तीन नावं घ्यावी लागतात. तीन पिढ्यांची उजळणी वर्षातून एकदा घराघरांत होत होती.

मग हे तुटलं कधी? आमच्या भागात ते तुटलं गाडीच्या तिकिटानं. शिराळा, पाटण, कऱ्हाड, तिकडे खाली रत्नागिरी, या साऱ्या मुलखातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सुतक पाळायचं कसं? पाळीवर जायचंय. म्हाळ गावाकडच्या भावानं घालायचा, मुंबईच्यानं मनिऑर्डर करायची. मनिऑर्डरीबरोबर नावं जात नाहीत, पैसे जातात. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या काही वर्षांत कित्येक घरं गावाला परतली. परतली तेव्हा मधली पिढी गेलेली होती. विचारायचं कुणाला?

दुसरं कारण नाव ठेवण्याच्या आपल्या रीतीत आहे. आजोबाचं नाव नातवाला. चांगली रीत आहे, पण तिनं एक घोटाळा होतो. एकाआड एक पिढीला तीच दोन नावं फिरतात, आणि पन्नास वर्षांनी कुठला कोण हे कळेनासं होतं. आणि बायकांचं? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव संपलं. सासरी तिला हाक मारायची ती माहेरच्या गावावरून, नाहीतर लेकाच्या नावावरून. कागदावर ती कुणाची तरी बायको. आमची थोरली तर त्या घरात चार-पाच वर्षंच नांदली असेल. तिच्या नावाला रुळायला वेळच मिळाला नाही.

आणि तिसरं कारण म्हणजे साथ. 'मानमोडी' हा शब्द आता कुणी वापरत नाही. 1918 चा इन्फ्लुएंझा. त्या वर्षी पाऊसही फसला होता. घरात धान्य नाही, आणि ऑक्टोबरात हा ताप आला. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली, देशभरात एक कोटीहून जास्त. विशीतल्या-तिशीतल्या बायका त्यात फार गेल्या, कारण आजाऱ्याचं करणाऱ्या त्याच होत्या. मित्रहो, आपल्यापैकी किती जणांच्या घरी 'पणजोबांनी दुसरं लग्न केलं होतं' एवढं एक वाक्य शिल्लक आहे? त्या वाक्यामागं पुष्कळदा 1918 साल असतं. तपासून पाहा.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो, आणि इथं मला जरा रेंगाळायचं आहे. घरानं विसरलेला माणूस जपलेला असतो तो दुसऱ्यांकडे. आपला पूर्वज आपल्याकडे नसतो. तो हेळव्याकडे असतो, तीर्थोपाध्यायाकडे असतो, कोतवालाच्या वहीत असतो, लांबच्या आत्येकडे असतो, परगावच्या म्हातारीकडे असतो. म्हणून हे एकट्यानं करायचं काम नाही, होतही नाही.

हेळवी आता किती जणांना ठाऊक आहेत? कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पलीकडे उत्तर कर्नाटकात फिरणारी ही माणसं. सुगी झाली की बैल घेऊन दारात यायची आणि घराण्याची वंशावळ म्हणायची. कुठल्या गावाहून उठून आलात, कुठे वस्ती केलीत, किती भाऊ झाले, कुणाची शाखा कुठे गेली. बदल्यात पायली-दोन पायली धान्य, एखादं जुनेर. आमच्याकडेही हेळवी यायचा. माझ्या चुलत्यांनी त्याला एका वर्षी "आता कशाला हे" म्हणून परत पाठवलं होतं. आम्ही त्याच्या मुलाला शोधून काढलं, तेव्हा तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर होता. फडातच बसला, आणि आठ पिढ्या सांगितल्या. आठ! माझ्याकडे चार होत्या. तो म्हणत होता आणि माझा मुलगा लिहीत होता. ज्या माणसाला आपण दारातून परत पाठवलं, त्याच्या कुटुंबानं आपले आठ बाप जपून ठेवले होते. त्या दिवशी मी त्याच्या पायाला हात लावला.

पण त्या आठ पिढ्यांत बाई एकही नव्हती.

तीर्थक्षेत्रीच्या वह्यांचंही थोडं सांगतो. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, काशीला, गयेला, प्रयागला तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. यात्रेला आलेला माणूस आपल्या भावंडांची, मुलांची, वाडवडलांची नावं सांगतो, उपाध्याय लिहून घेतात, खाली त्याची सही किंवा अंगठा. गाव आणि आडनाव सांगा, ते आपली वही काढतात. तिथं कधीकधी बायकांची नावंही सापडतात, कारण यात्रेला नवरा-बायको जोडीनं जातात. नाशिकला आमच्या आजोबांच्या चुलत्याची नोंद मिळाली. आमच्या पणजोबांची नाही. ते कधी यात्रेला गेलेच नाहीत. गरिबाला काशी कुठली?

मग सरकारी कागद. गावच्या जन्ममृत्यूची नोंद पूर्वी गावकामगार ठेवत. गाव नमुना 14, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात मृताचं नाव, जात, वय, आजार अशा नोंदी असतात. आजार म्हणजे ताप, पटकी, देवी, गाठ. फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, माणूस मेल्यावर जमिनीला वारस कोण लागले ते असतं. एक सूचना मात्र लक्षात ठेवा, कारण मी तिच्यावाचून वर्ष वाया घालवलं. आज आपलं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथंच ते तेव्हा होतं असं धरून चालू नका. सांगली जिल्हा 1949 मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. त्याआधीचं शिराळा साताऱ्यात. मी सांगलीचे गठ्ठे मागत होतो. कागद 'सातारा' म्हणून बांधलेला होता.

आणि तो कागद मोडीत. मोडी मला येत नाही, तुमच्यापैकी बहुतेकांना येत नसेल. 1950 च्या सुमारास ती शाळा-कचेऱ्यांतून गेली आणि आपल्याच आजोबांचं अक्षर आपल्याला परकं झालं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, एक नाव तीन तऱ्हांनी वाचता येतं. पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गात शिकलेली एक मुलगी माझ्या मदतीला आली. पंचवीस वर्षांची असेल. पैसे घ्यायला तयार नव्हती. अलीकडे कुणबी नोंदी शोधण्याच्या कामामुळे मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव बोलावणं येतंय, तशी ती दिवसभर त्या कामात असायची आणि संध्याकाळी माझ्यासाठी तास काढायची.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. 1918 सालची पानं. उन्हाळ्यात आठवड्याला एखादी ओळ, श्रावणात एखादी ओळ. मग ऑक्टोबर आला, आणि पान भरलं. पुढचं पान भरलं. त्याच्या पुढचं. आजाराच्या रकान्यात एकच शब्द. ताप. ताप. ताप. लिहिणाऱ्याचं वळण मध्येच बदललं. म्हणजे आधीचा लिहिणारा बहुधा स्वतःच आजारी पडला होता. ती मुलगी मोठ्यानं वाचत होती, वाचता वाचता थांबली. म्हणाली, "काका, बाकीचं मनात वाचते." थोड्या वेळानं तिनं बोट ठेवलं. माझ्या पणजोबांचं नाव. आणि पुढे, 'याची बायको'. वय 22. ताप.

नाव नाही.

मी तिथंच थांबलो असतो. पण गंमत अशी की कागद संपतो तिथं बायकांचं बोलणं सुरू होतं. मुंबईला लालबागच्या चाळीत माझी एक लांबची आत्या होती. वय ऐंशीच्या पुढे. ती लहानपणी आमच्या पणजीशेजारी जात्यावर बसलेली. मी तिला सारं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, म्हातारी दळताना थोरलीचं गायची की!" दुसरीनं पहिलीवर ओव्या रचल्या होत्या. आत्याला त्या साऱ्या येत नव्हत्या. पण थोरलीच्या माहेरचं वर्णन तिला आठवत होतं. नदीच्या वळणावरचं गाव, काठावर एक देऊळ, गावाला लागून रान. वारणेचं नाव त्यात होतं.

ओवी हे बायकांचं दप्तर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आयुष्य घालून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यातल्या काही आज ध्वनिमुद्रणासह ऐकायला मिळतात. त्या प्रत्येक ओवीमागे गाणारी बाई, तिचं नाव, तिचं गाव नोंदलेलं आहे. राजवाड्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले, त्यासाठी घरोघरचे माळे पालथे घातले. ते काम थोरच. पण माळ्यावर बायकांचा कागद नव्हता. बायकांचा कागद जात्याच्या पाळीत होता, आणि पिठाच्या गिरण्या आल्यावर तो फाटायला लागला.

वारणेच्या वळणावरचं ते गाव मी नकाशावर शोधलं. ते नव्हतं. चांदोलीच्या धरणात आणि पुढे अभयारण्यात जी गावं उठली, त्यांतलं ते एक. माणसं पुनर्वसनाच्या वसाहतीत. मी वसाहतीत गेलो तेव्हा मनात म्हटलं, जिथं गावच उरलं नाही, तिथं शंभर वर्षांपूर्वी दिलेली लेक कुणाला आठवणार? पण गाव उठलं तरी गावकी उठली नव्हती. देवळातल्या मूर्ती त्यांनी बरोबर आणल्या होत्या, पालखी त्याच तिथीला निघते, मानपान त्याच क्रमानं होतात. मी पारावर बसून कुणाच्या घरची, कुठं दिलेली, एवढं सांगितलं. तासाभरात पंधरा माणसं जमली. एकानं दुसऱ्याला बोलावलं, त्यानं तिसऱ्याला फोन केला, तिसऱ्यानं आपल्या आईला खाटेवरून उठवून आणलं. ती म्हातारी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आमची धाकटी तिकडं दिलती. मानमोडीत गेली. तिचं पोर मागं राहिलतं. तू त्या पोराचा?"

मी त्या पोराचा नातू.

मित्रहो, त्या म्हातारीनं तिला पाहिलेलं नव्हतं. तिच्या सासूनं सांगितलेलं तिनं धरून ठेवलं होतं. मी विचारलं, नाव काय होतं? ती म्हणाली, "धाकटीच म्हणत्यात. नाव न्हाई ठावं." सासरी थोरली, माहेरी धाकटी. दोन्ही घरांनी तिला शंभर वर्षं आठवणीत ठेवलं, आणि दोन्ही घरांना तिचं नाव ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळी मला लुगडं नेसलेल्या अकरा आज्या, मावश्या मिळाल्या. निघताना त्यांनी माझ्या बायकोची ओटी भरली. लेकीची सून म्हणून.

असे शोध केवळ आपल्याच डोंगरात चालतात असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची माणसं मुंबई बंदरातून मॉरिशसला ऊसमळ्यांवर मजुरीला गेली. तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत त्या गिरमिटियांच्या नोंदी जपल्या आहेत. प्रत्येकाला क्रमांक, त्याचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, जहाज, पुष्कळांची छायाचित्रंसुद्धा. इंग्रज कारकुनानं ऐकून लिहिलेलं गावाचं नाव घेऊन तिथले मराठी लोक कोकणात येतात, आणि पारावर बसून विचारतात. कोकणातल्या कुण्या म्हाताऱ्यानं ते वेडंवाकडं नाव मोठ्यानं दोनदा म्हणून पाहिलं की गाव ओळखू येतं. ते काम यंत्र करत नाही, कान करतो. तसे कान आपण दिले पाहिजेत. कुणी परक्या वेशातला माणूस जुना कागद घेऊन पारावर आला, तर त्याला बसायला सांगा.

आता तिसरी गोष्ट. सापडल्यावर काय करायचं?

पहिलं म्हणजे खोटं बोलायचं नाही. प्रत्येकाला पूर्वज सरदार हवा असतो. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर आपला कुणीतरी पडलेला असावा असं फार जणांना वाटतं. पडला असेलही, पण कागद नसेल तर 'असं घरात सांगतात' एवढंच लिहा. हेळव्यानं सांगितलेल्या आमच्या आठ पिढ्यांत एक जण कर्जापायी गाव सोडून पळालेला आहे. मी तो गाळला नाही. त्याच्या मुलांनी पुन्हा शेत उभं केलं, हे कळायला बापाचं पळणं कळावं लागतं. आणि जिवंत माणसाची अब्रू कागदापेक्षा मोठी. एखादी नोंद वाचून कुणा म्हातारीचं मन दुखणार असेल, तर ती भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची नाही. ती वही तिच्या हयातीत बंद ठेवायची.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे, आणि ती मी कळवळून सांगतो. पूर्वजांचा कागद सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. ज्यांना वतन होतं, इनाम होतं, त्यांचे पूर्वज दप्तरात जागोजाग भेटतात. विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापले गेले ते मोजक्या समाजांचे. ज्यांना जमीनच नव्हती त्यांचा सातबारा कुठून येणार? कोरेगावच्या विजयस्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत 22 नावं 'नाक' या शेवटानं संपतात. ती महार सैनिकांची. कित्येक घरांना आपल्या समाजाची लिहिलेली जुनी नावं पाहायची तर दगडापाशीच जावं लागतं. आणि भटक्या-विमुक्तांचं काय? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या आज्या-पणज्यांची नोंद सापडते ती पोलीस हजेरीच्या वहीत. 31 ऑगस्ट 1952 ला ते बंधन उठलं. पण आज त्यांच्या नातवाला जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967. पालावर राहणाऱ्याच्या बापाकडे 1961 चा कागद कसा असेल? माझ्यासाठी पणजी शोधणं ही मनाची ओढ होती. त्या पोरासाठी पणजोबा शोधणं म्हणजे कॉलेजचा प्रवेश आहे. म्हणून ज्यांना मोडी येते, ज्यांना गठ्ठे कसे मागायचे ते कळतं, त्यांनी आठवड्यातला एक दिवस आपल्या घराण्यासाठी न देता अशा घरांसाठी द्यावा. माझ्या मदतीला आलेली ती मुलगी आता रविवारी तेच करते. जुन्या शाळेची रजिस्टरं चाळते. गुरुजनांनी सरसकट 1 जून जन्मतारीख लिहून शाळेत घातलेल्या पोरांमध्ये तिला अनेकांचे आजोबा सापडले आहेत.

मी माझ्या पणजीच्या नावावर थांबलो होतो, तिथंच येतो. गेली चार वर्षं आम्ही म्हाळाला एक पान जास्त वाढतो. भटजी नाव विचारतात. नाव नाही, म्हणून आम्ही तिच्या माहेरच्या गावाचं नाव सांगतो, जे आता पाण्याखाली आहे. तो टाक पानाशेजारी ठेवतो, आणि दुसरीचंही पान त्याच्या लगत असतं. पहिल्या वर्षी वसाहतीतून दोन माणसं जेवायला आली होती. गेल्या वर्षी नऊ आली.

आता एक विनंती करतो आणि थांबतो. सभागृहाबाहेर डाव्या हाताच्या टेबलावर ग्रंथालयानं एक कोरी वही ठेवली आहे. आज इथं बसलेल्या प्रत्येकानं तिच्यात एक ओळ लिहावी. आपल्या आईच्या आईचं नाव, तिचं माहेरचं नाव, आणि तिच्या माहेरचं गाव. आठवत नसेल तर जागा मोकळी सोडून स्वतःचा फोन नंबर लिहा. त्याच गावची दुसरी ओळ त्या वहीत आली, की ग्रंथपाल तुम्हाला कळवतील. गावं धरणात गेली असतील तर जुनंच नाव लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाळेतली दोन मुलं लिहून घ्यायला बसवली आहेत. ग्रंथालय आज रात्री साडेनऊपर्यंत उघडं आहे.